अ‍ॅम्प्लिफायरमधले मुके पार्ट

अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं की नजर आधी ट्रान्झिस्टरवर जाते. आवाज मोठा करण्याचं काम तेच करतात, त्यामुळे मानही त्यांनाच मिळतो. पण तो आवाज नेमका किती पट मोठा व्हायचा, हे ठरवतात रंगीत पट्ट्यांचे दोन चिमुकले रेझिस्टर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिल्लर पैशांत मिळणारे. एक 22 किलोओहमचा आणि दुसरा 1 किलोओहमचा असेल, तर नेहमीच्या जोडणीत आवाज होतो 23 पट. आतल्या ट्रान्झिस्टरांची एकत्रित ताकद लाखभर पट असो की दोन लाख, ते तापोत की जुने होवोत, उत्तर जवळजवळ तेच येतं. मला याचं आजही नवल वाटतं.

हे सुचलं हॅरल्ड ब्लॅकला, 2 ऑगस्ट 1927 च्या सकाळी, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत. तो बेल लॅब्जमध्ये कामाला निघाला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकापुढे एक अ‍ॅम्प्लिफायर लावावे लागत आणि प्रत्येकाचा दोष पुढच्यात साचत जाई. ब्लॅकनं हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच आकृती काढली : बाहेर पडलेल्या सिग्नलचा थोडा अंश मागे आणायचा, मूळ सिग्नलमधून वजा करायचा आणि उरेल तेवढंच वाढवायचं. मग अ‍ॅम्प्लिफायरनं केलेली चूक त्याच्याच तोंडाशी परत येते आणि बरीचशी खोडली जाते. पेटंट हाती पडायला मात्र 1937 साल उजाडलं.

किती अंश मागे आणायचा, हे त्या दोन रेझिस्टरांच्या हातात. मागे आणलेला हा अंश, म्हणजेच फीडबॅक, बाकी सगळ्यांच्या चुका पकडतो, या दोघांच्या पकडू शकत नाही, कारण मोजपट्टीच ते आहेत. जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचं मूल्य व्होल्टेजबरोबर किंचित हलतं आणि तो स्वतःची खरखरही मिसळतो. म्हणून या जागी मेटल फिल्म लावतात.

कपॅसिटरची गोष्ट याहून रंजक आहे. काही स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरांत बेरियम टायटानेट असतं. व्होल्टेज वाढलं की त्यांची क्षमता घटते, आणि सिग्नलच्या वाटेवर बसवलेल्या अशा कपॅसिटरवर पेन्सिलीनं टकटक केली तर ती स्पीकरमधून ऐकू येऊ शकते! दाबलं की वीज निर्माण करण्याचा त्या पदार्थाचा स्वभावच आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. खर्जाच्या सुरांना त्याच्या दोन टोकांमध्ये सिग्नलचं व्होल्टेज वाढलं की तोही सूर बिघडवतो. उपाय सोपा आहे. गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर लावायचा, म्हणजे त्याच्यावर सिग्नलचं व्होल्टेज फारसं पडत नाही आणि बिघाड जवळजवळ नाहीसा होतो. पार्ट तोच राहतो, पण जागा आणि मूल्य बदललं की दोषी किंवा निर्दोष ठरतो. वॉल्टर युंग आणि रिचर्ड मार्श यांनी 1980 मध्ये ‘ऑडिओ’ मासिकात कपॅसिटर निवडण्यावर लिहिलं, तेव्हापासून हौशी मंडळींत हा विषय धगधगतोच आहे.

हे सगळं कानाला कळतं का? 1985 मध्ये बॉब कार्व्हरनं ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिलं : तुमच्या पसंतीच्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. मासिकानं व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर निवडला. कार्व्हरनं दोघांना एकच संगीत दिलं आणि त्यांच्या आउटपुटमधला फक्त फरक ऐकला. दोन्ही अगदी सारखे असतील, तर ऐकू येईल ती शांतता. तो फरक 70 डेसिबलनं खाली जाईपर्यंत, म्हणजे व्होल्टेजचा साधारण तीन हजारावा भाग उरेपर्यंत, तो आपलं सर्किट बदलत गेला. मग संपादकांनी कान लावले आणि त्यांना दोघांतला फरक सांगता आला नाही. व्हॉल्व्हच्या आवाजातला बराचसा ‘गोडवा’ आउटपुटच्या जास्त रोधातून येतो : स्पीकरचा रोध सुरागणिक बदलतो, त्यामुळे काही सूर उचलले जातात, काही दबतात. एखादा साधा रेझिस्टर मध्ये घातला तरी हा परिणाम साधतो.

मी कानाला कमी लेखत नाही. अ‍ॅम्प्लिफायर बनतो तो कानासाठीच. पण किंचित मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो आणि किमतीची चिठ्ठी दिसली की कान तिच्या बाजूनं कौल देतो. तेव्हा महागडे कपॅसिटर मागवण्याआधी एवढं करा : दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांची पातळी मल्टिमीटरनं 0.1 डेसिबलच्या आत जुळवा, कोणता वाजतोय हे तुम्हालाही दिसू देऊ नका आणि अदलाबदल करणाऱ्यालाही ठाऊक नसू द्या. एवढं करूनही पुन्हा पुन्हा अचूक ओळखता आलं, तर खुशाल पैसे खर्च करा.