शेवटच्या अंकाचे वाचक

आपल्या एकत्र कुटुंबांत पूर्वीं टपाल आलें कीं पोस्टकार्ड ज्याच्या हातीं पडेल त्यानें तें मोठ्यानें वाचावें, असा प्रघात असे. माहेरीं गेलेल्या सुनेचें कार्ड सासूबाईंच्या आधीं धाकट्या दिरानें वाचलें तरी कोणी रागावत नसे. बंद पाकिटाची गोष्ट मात्र निराळी. तें ज्याच्या नांवाचें त्यानेंच फोडावयाचें. आमच्या लहानपणीं घरांतील एका आत्याबाईंनीं भावजयीचें पाकीट वाफेवर धरून उघडल्याचें उघडकीस आलें. पत्रांत हवापाण्यापलीकडे कांहीं नव्हतें, तरी तो अबोला वर्षभर पुरला.

हा जुना प्रसंग आठवण्याचें कारण इंग्लंडांतील ‘न्यूज ऑफ दि वर्ल्ड’ या रविवारच्या पत्राची हकीकत. १६८ वर्षें चाललेलें हें पत्र २०११ च्या जुलैमध्यें एका आठवड्याच्या आंत बंद पडलें, आणि तें असलींच पाकिटें फोडल्यामुळें.

इंग्लंडांत रविवारचें पत्र ही एक स्वतंत्र संस्थाच होती. रोजचीं पत्रें कामावर जातांना उभ्या उभ्या वाचून टाकावयाचीं. रविवारचें पत्र दुपारच्या जेवणानंतर सावकाश चघळावयाचें. बिहारांतील मोतीहारी येथें जन्मलेले प्रसिद्ध इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनीं १९४६ सालच्या एका निबंधाच्या आरंभीं असाच जेवून तृप्त झालेला गृहस्थ उभा केला आहे. त्याला वाचावयास हवी असते ती एखाद्या खुनाची हकीकत, आणि त्याच्या हातीं असतें तें हेंच पत्र! १ ऑक्टोबर १८४३ रोजीं जॉन ब्राउन बेल यांनीं तें तीन पेन्स किंमतीस काढलें. नुकतीच अक्षरओळख झालेला कामकरी वर्ग हा त्याचा ग्राहक. न्यायकोर्टांतील खटले, काडीमोडाचीं प्रकरणें, पाद्र्यांचे घसरलेले पाय, हा त्याचा माल. हा माल इतका खपला कीं १९५० च्या सुमारास एका अंकाच्या ८४ लाखांवर प्रती जात. ज्या घरांत तें पत्र येतें असें कोणी कबूल करीत नसे त्याहि घरांत तें येत असल्यावांचून हा आंकडा जुळणार नाहीं. १९६९ मध्यें रूपर्ट मर्डोक या ऑस्ट्रेलियन धनिकानें तें विकत घेतलें.

आतां पाकिटें फोडण्याच्या विद्येविषयीं. मोबाइल फोनवर कोणी बोलावलें आणि आपण उत्तर दिलें नाहीं, तर बोलावणाऱ्याचा निरोप त्याच्याच आवाजांत सांठवून ठेवण्याची सोय असते. हे निरोप दुसऱ्या फोनवरूनहि ऐकतां येत. त्यासाठीं चार आंकड्यांची एक गुप्त खूण द्यावी लागे. फोन घेतांना कंपनीनें घालून दिलेली ही खूण बहुतेक लोक कधींच बदलीत नसत. दाराला कुलूप आहे, परंतु त्याची किल्ली साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, असाच हा प्रकार होता. ग्लेन मल्केर नांवाच्या खासगी हेरास पत्रानें पगार देऊन याच कामाला लाविलें होतें. पोलिसांस त्याच्याकडे सांपडलेल्या टिपणांचीं पानें सुमारें ११,००० भरलीं, आणि त्यांत सुमारें ४,००० माणसांचीं नांवें होतीं.

प्रकरणाला वाचा फुटली ती एका गुडघ्यामुळें. २००५ च्या नोव्हेंबरांत राजपुत्र विल्यम यांच्या गुडघ्याच्या दुखण्याची क्षुल्लक वार्ता या पत्रांत आली. ती इतक्या थोड्या माणसांस ठाऊक होती कीं राजवाड्यांत संशय आला. चौकशी झाली; राजघराण्याच्या बातम्या देणारा बातमीदार आणि मल्केर हे दोघे जानेवारी २००७ मध्यें तुरुंगांत गेले. संपादक अँडी कूल्सन यांनीं, आपणांस यांतलें कांहीं माहीत नव्हतें असें सांगून, राजीनामा दिला आणि पुढें ते पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्या कचेरींत वृत्तविभागाचे प्रमुख झाले. एकच उनाड बातमीदार होता, बाकी सारें शुद्ध आहे, असें मालकांकडून सांगण्यांत आलें. ‘गार्डियन’ पत्राचे निक डेव्हिस यांनीं २००९ मध्यें याच्या उलट पुरावा छापला, तेव्हां पोलिसांनीं त्याच दिवशीं नव्यानें चौकशी करण्याचें कारण नाहीं असें जाहीर केलें.

आणि लोक? आम्हांस या हकीकतींतील अत्यंत विचार करण्यासारखा भाग वाटतो तो हाच. साडेचार वर्षें लोकांस हें माहीत होतें आणि लोक स्वस्थ होते. राजपुत्र, नट, नट्या, फुटबॉलचे खेळाडू यांचे निरोप कोणी चोरून ऐकले तर ऐकले. मिरवावयास हवें तर एवढें सोसावें, असाच साधारण सूर होता. पत्राचा खप या बातम्यांनीं पडला नाहीं. निषेध करणारे थोडे, आणि त्यांतले बरेचसे स्वतः बळी पडलेले.

४ जुलै २०११ रोजीं ‘गार्डियन’नें छापलें कीं, २००२ मध्यें नाहींशी झालेल्या आणि पुढें जिचा खून झाल्याचें आढळलें त्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीच्या फोनवरील निरोपहि या पत्राच्या माणसांनीं ऐकले होते. त्याहून भयंकर गोष्ट अशी सांगण्यांत आली कीं, नव्या निरोपांस जागा व्हावी म्हणून त्यांनीं जुने निरोप पुसले, आणि त्यामुळें मुलगी जिवंत आहे अशी खोटी आशा आईबापांस वाटली. दुसऱ्या दिवशीं सारें इंग्लंड खवळलें. मागोमाग बातम्या आल्या कीं, २००५ सालीं लंडनांतील स्फोटांत मेलेल्यांचे नातलग आणि इराक-अफगाणिस्तानांत पडलेल्या शिपायांचे आप्त यांचेहि फोन त्या टिपणांत असावेत. काल नटीच्या भानगडी मिटक्या मारीत वाचणारा गृहस्थ आज हातांतील पत्राकडे किळसेनें पाहूं लागला.

या क्षोभाची एक नवी तऱ्हा होती. पूर्वीं लोक संपादकास पत्रें लिहीत किंवा पत्र घेणें बंद करीत. या वेळीं लोकांनीं संपादकास वगळून जाहिरातदारांस गांठलें. कोणत्या कंपन्या या पत्रांत जाहिराती देतात त्यांच्या याद्या इंटरनेटवर फिरूं लागल्या, आणि हजारों गृहिणी, शिक्षक, कारकून त्या कंपन्यांस उघडपणें विचारूं लागले कीं, तुमचें नांव या पानावर अजून कसें? फोर्ड या मोटारींच्या कंपनीनें जाहिराती थांबविल्या, आणि तिच्यामागून रांगच लागली. माजी सैनिकांची ‘रॉयल ब्रिटिश लीजन’ ही प्रतिष्ठित संस्था या पत्राबरोबर शिपायांसाठीं चळवळ करीत असे. तिनेंहि संबंध तोडला. ज्या शिपायांचा कैवार पत्र घेत होतें त्यांच्याच विधवांच्या दारीं कान लावल्याचा संशय आल्यावर तिनें दुसरें काय करावें?

७ जुलै रोजीं रूपर्ट यांचे चिरंजीव जेम्स मर्डोक यांनीं जाहीर केलें कीं येत्या रविवारचा अंक शेवटचा.

येथें लोकमताचे दोन तुकडे झाले. एका पक्षाला हा आपला विजय वाटला. दुसरा पक्ष म्हणाला, यांत विजय कसला? ज्या काळांत हीं कृत्यें झालीं त्या काळचीं बरीच मंडळी केव्हांच सोडून गेलेलीं. आतां रस्त्यावर येणार ते सुमारें २०० नोकर, त्यांपैकीं पुष्कळांचा या प्रकरणाशीं यत्किंचितहि संबंध नव्हता. २००२ मध्यें संपादक असलेल्या रिबेका ब्रुक्स मात्र मर्डोकांच्या इंग्लंडांतील सर्व पत्रांच्या मुख्याधिकारी म्हणून आपल्या जागीं कायमच होत्या. मर्डोक यांस त्याच सुमारास ‘बीस्कायबी’ ही दूरचित्रवाणीची कंपनी संपूर्ण विकत घ्यावयाची होती. तो मोठा सौदा वांचविण्यासाठीं जुनें पत्र बळी दिलें, असें पुष्कळांचें मत पडलें, आणि तें आम्हांसहि अगदींच निराधार वाटत नाहीं. सौदा मात्र वांचला नाहीं. १३ जुलैस तो मागें घ्यावा लागला, १५ जुलैस ब्रुक्स यांनीं राजीनामा दिला आणि लंडनच्या पोलीस कमिशनरांनींहि आपली जागा सोडली. १९ तारखेस वृद्ध मर्डोक पार्लमेंटाच्या समितीपुढें हजर झाले असतां प्रेक्षकांतील एकानें दाढीच्या फेसानें भरलेली थाळी त्यांच्यावर फेंकली, आणि मर्डोकपत्नींनीं उठून त्या इसमास तेथल्या तेथें चोप दिला. लोकक्षोभाचा हाहि एक प्रकारच म्हणावयाचा!

रविवार ता. १० जुलै. शेवटच्या अंकांत पैसे घेऊन एकहि जाहिरात छापली नव्हती. विक्रीचें उत्पन्न धर्मादाय संस्थांस जावयाचें होतें. पहिल्या पानावर वाचकांचे आभार मानून निरोप घेतला होता. आंत गाजलेल्या जुन्या बातम्यांचीं पानें पुन्हां छापलीं होतीं. शब्दकोड्याची हकीकत मोठी गंमतीची आहे. छापण्यापूर्वीं अंक नीट तपासून घ्यावा अशी वरिष्ठांची आज्ञा होती म्हणतात. तरीहि कोड्याच्या सूत्रांत व उत्तरांत दुर्गंधि, अरिष्ट, गुन्हेगारीचा धंदा असल्या अर्थाचे शब्द गुंफलेले आढळले, आणि ते कोणास उद्देशून आहेत हें ओळखावयास कोणास श्रम पडले नाहींत.

ज्या पत्रास सारा देश शिव्या देत होता त्याचा नेहमींचा खप सुमारें २६ लाख. शेवटचा अंक खपला सुमारें ३८ लाख. सकाळींच दुकानें रिकामीं झालीं. कोणी आठवण म्हणून घेतला, कोणी पुढें किंमत येईल म्हणून चार चार प्रती घेतल्या, कोणी धर्मादायास पैसे जातात म्हणून, आणि कोणी केवळ संवयीनें. आमच्याकडे एखाद्या कुप्रसिद्ध वाड्यास आग लागली म्हणजे एरव्हीं त्या बोळांतून न जाणारी मंडळीहि पाहावयास जमतात, त्याची आम्हांस आठवण झाली. परंतु या गर्दींत खरोखरच हळहळणारे वाचक होते, हेंहि सांगितलें पाहिजे. बापाच्या मांडीवर बसून फुटबॉलचे निकाल ज्यांनीं या पत्रांत पाहिले, त्यांना तें घरचें माणूस गेल्यासारखें वाटलें. शिवाय पत्राच्या पदरीं पुण्य अगदींच नव्हतें असें नाहीं. क्रिकेटचें वेड असलेल्या आपल्याकडील वाचकांस ऑगस्ट २०१० मधील लॉर्ड्सचा सामना आठवत असेल. पाकिस्तानी संघांतील तिघांनीं पैशांसाठीं ठरवून ‘नो बॉल’ पडूं दिल्याचें उघडकीस आणलें तें याच पत्राच्या बातमीदारानें, वेष पालटून आणि दीड लाख पौंड मोजून. ते खेळाडू पुढें तुरुंगांत गेले. तें पाहून येथील ज्यांनीं टाळ्या वाजविल्या त्यांत आम्हीहि होतों.

डिसेंबरांत एक अडचणीची गोष्ट बाहेर आली. त्या मुलीचे निरोप पत्राच्या माणसांनीं पुसले, आणि त्यामुळें आईस खोटी आशा वाटली, हें पोलिसांच्या तपासांत सिद्ध होईना; ते ठराविक वेळानंतर आपोआप पुसले गेले असण्याचा संभव अधिक दिसला. ‘गार्डियन’ला दुरुस्ती छापावी लागली. निरोप चोरून ऐकले होते यांत शंका उरली नाहीं. परंतु ज्या एका तपशिलानें आयांच्या डोळ्यांत पाणी आणलें तोच डळमळीत निघाला. तो नसता तर पत्र बंद पडलें असतें काय? मर्डोकांचे कैवारी म्हणाले, नसतें पडलें. आम्हांस वाटतें, पडलेंच असतें, फार तर कांहीं आठवडे उशिरां. कारण त्या ११,००० पानांत दुःखी घरांचा तोटा नव्हता. तरी खोट्या बातम्यांबद्दल बदनाम पत्राचा अंत ज्या बातमीनें झाला तिलाहि दुरुस्ती लागावी, याची टोंचणी राहते.

न्यायमूर्ति लेव्हसन यांच्या चौकशीचा सुमारें २,००० पानांचा अहवाल नोव्हेंबर २०१२ मध्यें आला. फौजदारी खटल्यांत कूल्सन यांस २०१४ मध्यें अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ब्रुक्स निर्दोष सुटल्या. त्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी २०१२ रोजीं, मर्डोकांनीं ‘सन’ या आपल्या दैनिकाची रविवारची आवृत्ति काढली, आणि पहिल्याच अंकाच्या ३० लाखांवर प्रती खपल्या.

एका बाईंची हकीकत राहिली. २००० सालीं त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीचा एका नराधमानें खून केला. तेव्हां या पत्रानें, मुलांवर अत्याचार केलेल्या गुन्हेगारांचा ठावठिकाणा आईबापांस कळावा म्हणून मोठी चळवळ उभारली, आणि अशा लोकांचीं नांवें व छायाचित्रें छापलीं. लोक इतके बेभान झाले कीं पोर्ट्स्मथ येथें दंगे झाले आणि वेल्समध्यें एका बालरोगतज्ञ बाईंच्या दारावर, तिच्या पदवीचें इंग्रजी नांव नराधमवाचक शब्दासारखेंच सुरू होतें म्हणून, शिवी लिहिली गेली. परंतु त्या दुःखी आईच्या पाठीशीं पत्र अकरा वर्षें उभें राहिलें, हें खरें. पुढें पालकांस पोलिसांकडे चौकशी करतां येईल अशी व्यवस्थाहि झाली. बाईंनीं शेवटच्या अंकांत लेख लिहून पत्राचे मनापासून आभार मानले. वाईट दिवसांत आधार देणारा मित्र म्हणून त्याला निरोप दिला.

त्याच महिन्याच्या अखेरीस पोलिसांनीं त्यांस कळविलें कीं, मल्केरच्या टिपणांत त्यांचाहि तपशील सांपडला आहे. तो तपशील पत्रानेंच त्यांस सोयीसाठीं म्हणून दिलेल्या फोनचा असावा, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. लेख तेव्हां छापून होऊन गेला होता; ३८ लाख प्रतींबरोबर तो घरोघरीं पोंचला होता.