काळोख्या महिन्यांचे यजमान

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डब्लिनला सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. साडेसात तासांचा दिवस, तोही बहुतेक वेळा ढगाळ. परदेशी पर्यटक या दिवसांत फारसा फिरकत नाही, हे ओघानेच आले. मोहेरच्या कड्यांपाशी उन्हाळ्यात लागणारी बसगाड्यांची रांग ओसरते, स्केलिग मायकल बेटावर माणसे उतरवणाऱ्या होड्या सप्टेंबरअखेर थांबतात, किनाऱ्यावरच्या कितीतरी खाणावळी दारे ओढून घेतात. आणि नेमक्या याच महिन्यांत आयर्लंडचे कॅलेंडर उत्सवांनी गच्च भरलेले असते. सप्टेंबरात नांगरणीच्या राष्ट्रीय स्पर्धा, ऑक्टोबरात बॅलिनस्लोचा घोडेबाजार, वेक्सफर्डचा ऑपेरा आणि कॉर्कचा जॅझ, महिनाअखेरीस हॅलोवीन, डिसेंबरात न्यूग्रेंजचा सूर्योदय आणि डिंगलचा रेन-दिवस, जानेवारीत डब्लिनला लोकसंगीत, फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला संत ब्रिजिडचा दिवस. या गर्दीत बहुसंख्य माणसे आयरिशच असतात. कुणी डब्लिनहून डिंगलला गेलेला असतो, तर कुणी लिमरिकहून वेक्सफर्डला. हा देशी पाहुणा परक्यासारखा भारावून जात नाही. जे दाखवले जाते आहे ते आपले आहे की आपल्या नावाने विकले जाते आहे, हे त्याला पटकन कळते. म्हणून ‘यातला अस्सल उत्सव कोणता’ हा वाद तिथे दर हिवाळ्यात रंगतो, आणि ‘जो जुना तो अस्सल’ हे उत्तरही ठरलेले असते. माझ्या मते हे उत्तर चुकीचे आहे. उत्सवाच्या वयावरून काही सिद्ध होत नाही. त्यासाठी कोण राबते, यावरून मात्र बरेच काही कळते.

सगळ्यांत जुन्यापासूनच सुरुवात करू. बॉइन नदीच्या खोऱ्यातले न्यूग्रेंज इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमारास बांधले गेले, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही कितीतरी आधी. ही एक कबर: मातीदगडाचा प्रचंड ढिगारा, त्यात शिरणारी १९ मीटर लांबीची अरुंद वाट आणि शेवटी एक दालन. दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत रचलेले त्याचे छत सुमारे सहा मीटर उंच आहे, आणि पाच हजार वर्षांच्या आयरिश पावसात ते गळलेले नाही. प्रवेशद्वाराच्या वर एक छोटा झरोका आहे. हिवाळी अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या सकाळी नऊच्या सुमारास सूर्याचा किरण त्या झरोक्यातून शिरतो, जमिनीवरून सरकत दालनापर्यंत पोहोचतो आणि सुमारे सतरा मिनिटांनी मागे फिरतो. त्या वेळी आत उभे राहायला मिळावे म्हणून सोडत निघते. काही वर्षी तीस हजारांच्या घरात अर्ज आलेले आहेत आणि आत जायला मिळते जेमतेम पन्नास-साठ जणांना, तेही काही सकाळींमध्ये वाटून. ढग असले की भाग्यवंतांनाही अंधारच बघावा लागतो. याहून प्राचीन सोहळा कुठला असणार, असे कुणालाही वाटेल. पण पुरातत्त्वज्ञ मायकल ओ’केली यांनी १९६२ पासून इथे उत्खनन केले, झरोका मोकळा झाला आणि २१ डिसेंबर १९६७ च्या सकाळी त्यांनी स्वतः आत थांबून तो किरण पाहिला. त्याआधी अनेक शतके कुणी तो पाहिल्याची नोंद नाही. सूर्य या कबरीत येतो अशी एक पुसट आख्यायिका तेवढी आसपास होती. वास्तू पाच हजार वर्षांची आहे, पण तिच्याभोवतीचा उत्सव पुरता साठ वर्षांचाही नाही. दर्शनी भागावरची पांढऱ्या गारगोट्यांची भिंतसुद्धा ओ’केलींच्या अनुमानावरून पुन्हा उभारलेली आहे आणि तिच्याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. तरीही त्या सकाळी सोडतीत नाव न लागलेले शेकडो लोक बाहेरच्या थंडीत पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात. परंपरा खंडित होती म्हणून त्यांचे उभे राहणे खोटे कसे ठरवणार?

हॅलोवीनचे मूळ मानल्या जाणाऱ्या साउइनचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी उन्हाळा संपतो, काळोखाचा अर्धा भाग सुरू होतो आणि या जगाची व त्या जगाची सीमा पातळ होते, ही कल्पना मध्ययुगीन आयरिश वाङ्मयात ठायी ठायी आहे. पण ‘साउइन म्हणजे केल्टिक नववर्ष’ हे आज प्रत्येक फलकावर छापलेले वाक्य मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले ऑक्सफर्डचे पंडित जॉन र्‍हीस यांच्याकडून आले. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ मध्ये त्याच्या पुराव्यांची छाननी केली तेव्हा हाती फारसे काही लागले नाही. मग उरते काय? उरते ते घराघरातले, आणि ते भरपूर आहे. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांकडून ऐकलेले रीतिरिवाज वह्यांत उतरवून घेतले. तो संग्रह आज डब्लिनच्या विद्यापीठात आहे आणि कुणालाही संगणकावर वाचता येतो. त्यात हॅलोवीनच्या खोड्या आहेत, सफरचंदांचे खेळ आहेत, आणि मनुका घातलेला बार्मब्रॅक नावाचा पावही आहे. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचे लग्न, नाणे निघेल त्याला पैसा, चिंधी निघेल त्याला दारिद्र्य. दुकानातल्या बार्मब्रॅकमध्ये आजही अंगठी असते. मेयो परगण्यात कासलबारजवळ टर्लो पार्क इथे ग्रामजीवनाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि तिथे प्रवेशमूल्य नाही. तिथे डोनेगलमधल्या फिनटाउनच्या सलगमाच्या कंदिलाचा प्लास्टरचा साचा ठेवला आहे. भोपळा अमेरिकेतून आला. त्याआधी आयरिश पोरे सलगम कोरत. या साच्यातले खोल डोळे, आवळलेली कातडी आणि मोजकेच दात पाहिले की आजचा हसरा भोपळा अगदीच मवाळ वाटतो.

याच सामग्रीवर दोन उत्सव उभे राहिले आणि त्यांची तुलना बोधप्रद आहे. डेरी हे उत्तर आयर्लंडमधले, म्हणजे ब्रिटनच्या अमलाखालचे शहर. १९८६ मध्ये, सशस्त्र संघर्षाच्या ऐन काळात, तिथल्या एका पबमध्ये सोंगे घेऊन जमलेल्या मंडळींना बॉम्बच्या धमकीमुळे रस्त्यावर यावे लागले आणि त्यांनी तिथेच नाच सुरू केला, अशी हकीकत सांगतात. पुढच्या वर्षी जास्त लोक आले, मग नगरपालिका आली, रोषणाई आली. आता सतराव्या शतकातल्या तटबंदीच्या आत-बाहेर लाखावर माणसे लोटतात. मीथ परगण्यातला पूका महोत्सव २०१९ मध्ये सुरू झाला. फॉल्चा आयर्लंड या सरकारी पर्यटन संस्थेने तो आखला, कारण अथबॉयजवळची वॉर्डची टेकडी साउइनच्या अग्नीसाठी जुन्या वाङ्मयात प्रसिद्ध आहे आणि ऑक्टोबरअखेर हॉटेले रिकामी असतात. हे कारण लपवलेले नाही आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. पण फरक दिसतो. डेरीत सोंग घेतलेला आणि ते बघायला आलेला यांत भेद करता येत नाही. पूकामध्ये मंच आहे, तिकीट आहे आणि बघे आहेत. अथबॉय आणि ट्रिमच्या गावकऱ्यांनी पुढेमागे तो आपल्या अंगावर घेतला तर चित्र बदलेलही. तूर्त तो उत्तम कार्यक्रम आहे, एवढेच म्हणता येते.

पर्यटनासाठी घडवलेला उत्सव कायम उपराच राहतो, असा अर्थ यातून कुणी काढू नये, कारण वेक्सफर्ड समोर आहे. जेमतेम वीस हजार वस्तीचे हे बंदर. तिथे ऑपेराची कसलीही परंपरा नव्हती. डॉ. टॉम वॉल्श या गावातल्याच डॉक्टरांनी मित्रांना जमवून ऑक्टोबर १९५१ मध्ये बाल्फचा ‘द रोझ ऑफ कॅस्टील’ बसवला. इतरत्र विस्मृतीत गेलेलेच ऑपेरे करायचे, हा पुढे त्यांचा बाणा ठरला. १८३२ मधले जुने थिएटर पाडून २००८ मध्ये त्याच जागी नवी वास्तू उभी राहिली, आणि २०१४ मध्ये तिला राष्ट्रीय ऑपेरागृहाचा दर्जा मिळाला. राजधानी डब्लिनला जे नाही ते या गावाच्या अरुंद गल्लीत आहे. पहिल्या वर्षापासून गावकरी स्वयंसेवक म्हणून राबतात. दारावर तिकिटे तपासणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गल्ल्यावर भेटतो. कॉर्कच्या जॅझ महोत्सवाचे मूळ तर निखळ धंद्यात आहे. ऑक्टोबरअखेरच्या सोमवारची सुट्टी १९७७ मध्ये नव्याने मिळाली. त्या सुट्टीसाठी मेट्रोपोल हॉटेलात ठरलेला ब्रिजचा, म्हणजे पत्त्यांचा, मेळावा रद्द झाला. खोल्या कशा भराव्यात या विवंचनेत असलेल्या जिम माउंटजॉय या व्यवस्थापकाने १९७८ मध्ये जॅझ भरवला. दोन वर्षांनी या महोत्सवात एला फिट्झजेराल्ड गायल्या. हॉटेलच्या खोल्या भरण्यातून निघालेल्या या तीन-चार दिवसांना कॉर्कचा माणूस आज आपल्या शहराचा सण मानतो. त्या दिवसांत पबमध्ये उभे राहायला जागा नसते, ही तक्रारही तो त्याच अभिमानाने करतो.

खरोखर जुने आणि तरी जिवंत असे काही पाहायचे तर २६ डिसेंबरला डिंगलला जावे. रेन हा मुठीत मावेल एवढा पक्षी. पूर्वी पोरे त्याला मारत, काठीला लावलेल्या होली नावाच्या झाडाच्या फांदीवर टांगत आणि ‘पक्ष्याच्या अंत्यविधीसाठी’ दारोदार पैसे मागत. आज पक्षी मारत नाहीत. बाकी सारे आहे: गवताच्या पेंढ्यांचे डोक्यापासून पायापर्यंतचे पोशाख, त्यांच्या खालून घामाने डबडबलेली माणसे, बासऱ्या आणि ढोल, जबडा खटखट वाजवत पोरींच्या मागे धावणारा लाकडी घोडा. गावात अनेक मंडळे आहेत. त्यांचे रंग ठरलेले आहेत आणि आपापसातली चुरसही जुनी आहे. जमलेला पैसा आता धर्मादाय कामाला जातो. शुद्धतावादी म्हणतील की पक्षी गेला तिथे विधीच गेला. मला उलट वाटते. नको ते टाकून देण्याचा अधिकार डिंगलच्या लोकांनी स्वतःकडे ठेवला, आणि त्यामुळेच बाकीचे राहिले. बाहेरगावचा आयरिश माणूस इथे तिकीट काढून येत नाही. त्याच्या तोंडाला काजळी फासली जाते आणि तो मिरवणुकीत ओढला जातो.

यावर एक आक्षेप घ्यायलाच हवा. गावकऱ्यांच्या कष्टांचे गोडवे गाणे सोपे आहे. पण स्वयंसेवक म्हातारे होतात, विम्याचे हप्ते वाढतात आणि सरकारी पैशाशिवाय मंडप उभा राहत नाही. हे खरे आहे. वेक्सफर्डसुद्धा कला परिषदेच्या अनुदानाशिवाय तगले नसते. मात्र पैशाने माणसे घराबाहेर काढता येतात, हा भ्रम आहे. ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळासाठी सरकारने देशातच राहण्या-खाण्यावर खर्च करणाऱ्यांना करात माणशी १२५ युरोपर्यंत परतावा देऊ केला. योजना सुरू होते न होते तोच कडक टाळेबंदी आली, त्यामुळे अपयशाचा सगळा दोष तिला देता येत नाही. तरी तिच्यात ‘कशासाठी जायचे’ याचे उत्तर नव्हते, फक्त पावती जपून ठेवण्याची सूचना होती. याउलट ब्रिजिडच्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी पाहा. २०२३ पासून ती लागू झाली, आणि स्त्रीच्या नावाची ही आयर्लंडमधली पहिलीच सुट्टी. सरकारने फक्त सुट्टी दिली. लव्हाळ्याचे क्रूस विणण्याची रीत, किल्डेअरची विहीर, केरीतले सोंगाडे बिडी बॉइज हे सारे आधीपासून होतेच. सुट्टी जाहीर झाली तेव्हा त्या विषयाचे खाते उपपंतप्रधान लिओ वराडकर यांच्याकडे होते, आणि त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुसरा आक्षेप खिशाचा आहे आणि तो जास्त बोचरा आहे. उत्सवाच्या आठवड्यात हॉटेलचे दर कडाडतात. २०२२ पासून युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारने राजधानीबाहेरच्या खोल्यांचा मोठा हिस्सा करारावर घेतला, तेव्हा उरलेल्या खोल्या आणखी महागल्या. हिवाळा घरच्यांचा असला तरी घरच्यांनाच तो परवडत नाही, ही तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर मोठ्या उत्सवांत मिळणार नाही. गॉलवेच्या नाताळ बाजारातली लाकडी खोपटी आणि गरम मसालेदार वाइन यांसाठी रात्रभराचे भाडे भरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. तसे बाजार युरोपातल्या निम्म्या शहरांत भरतात. उत्तर आहे ते दिवसभरात जाऊन येण्याजोग्या लहान ठिकाणांत: सप्टेंबरातल्या सांस्कृतिक रात्री विनामूल्य उघडणारी दालने, ६ जानेवारीला कॉर्क-केरीत बायका घरकाम पुरुषांवर टाकून एकत्र जमतात ती ‘बायकांची नाताळ’, आणि रॉसकॉमनमधले रॅथक्रॉहन.

२०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांवर भारतीय नागरिक नोंदले गेले. त्यांत मराठी घरेही आहेत, आणि दिवाळी व हॅलोवीन बहुधा मागेपुढेच येत असल्याने मुलांच्या शाळांना सुट्टी असते. त्या सुट्टीत रॅथक्रॉहनला जावे. आख्यायिकेतल्या राणी मेव्हची राजधानी मानलेल्या त्या परिसरात शेताच्या कडेला ओवेनागॅट नावाची गुहा आहे. जुन्या कथांत साउइनच्या रात्री भुतेखेते तिच्यातूनच बाहेर पडतात. तोंड इतके बुटके आहे की रांगतच आत शिरावे लागते, आणि वरच्या दगडावर ओगम लिपीत मेव्हच्या मुलाचे नाव कोरले आहे. जागा खासगी शेतात असल्याने टल्स्क गावातल्या केंद्रातून वाटाड्या घेऊनच जायचे असते, त्यामुळे आधी नाव नोंदवा. आणि आत घोटाभर चिखल असतो. जुने बूट घाला.