बॅक लागला म्हणजे सगळं संपलं?

मी आरमोरीचा. आमच्याकडे कोणी उदास दिसला की "टेन्शन नको घेऊ गा" म्हणतात. पण न घेण्याची रीत कोणी सांगत नाही. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी तीच शिकवते. १९५५ साली अल्बर्ट एलिस आणि १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी तिचा पाया घातला. एलिस यांचे विचार मराठीत रुजवले कि. मो. फडके यांनी.

समजा, मॅथ्सला बॅक लागला. ही घटना. झोप नाही, मेस बंद, रूमचं दार बंद. हा परिणाम. मध्ये एक वाक्य लपलेलं असतं : "घरच्यांनी धान विकून फी भरली, आणि मी कामातून गेलो." ते कागदावर लिहायचं आणि प्रॅक्टिकलच्या रीडिंगसारखं तपासायचं. पुरावा काय? बॅक काढून पास झालेले सीनियर्स नाहीत का? मग नवं वाक्य : "पेपर राहिला, वाईट वाटतंय, पण निघेल." दुःख उरतं, पण हातपाय हलतात. सोबत छोटी कृती हवी. मूडची वाट न बघता मेसमध्ये जायचं, एक गणित सोडवायचं.

तरीही दोन आठवडे उदासी हटली नाही तर डॉक्टरांना भेटा. जगणंच नको वाटलं तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि शेजारच्या रूमचं दार दिवसभर उघडलं नसेल, तर जाऊन ठोका.