औषध आणि शिधा

क्षयग्रस्त प्रौढाच्या खोकल्यातून त्याच घरातील अर्भकाच्या फुप्फुसांत हा रोग शिरतो, आणि बीसीजीची लस मेंदूच्या क्षयासारख्या उग्र प्रकारांपासून पुष्कळसे रक्षण करीत असली तरी संसर्ग सर्वस्वी रोखीत नाही; म्हणून निदान होताच आशाताईंनी घरी जाऊन पाच वर्षांखालील मुलांची तपासणी करविणे व रोग नसल्यास त्यांना सहा महिने आयसोनियाझिड देवविणे अगत्याचे ठरते. परंतु उपाशी देहाला केवळ औषध पुरत नाही! झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात रुग्णांच्या कुटुंबीयांनाही दरमहा तांदूळ व तूरडाळ यांचा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण, शिधा न मिळालेल्या कुटुंबीयांच्या तुलनेत, ३९ टक्क्यांनी घटले. हीच तजवीज सरकारने प्रत्येक दरिद्री तालुक्यात विनाविलंब अमलात आणावी.