रस्ता कितीही रुंद करा!

उपनगरात राहणाऱ्या मुंबईकराशी कोणताही विषय काढा, तो पाच मिनिटांत रस्त्यावर येतो. मुलीचे लग्न असो, मुलाची परीक्षा असो, बोलणे अखेर हमरस्त्यावरच्या खोळंब्यापाशी येऊन थांबते. तोडगाही ठरलेला असतो : “अहो, रस्ता रुंद करा, म्हणजे झाले!” इतका सोपा उपाय सरकारला कसा सुचत नाही, याचेच सर्वांना नवल वाटते. मला नवल वाटते ते याचे की, गेली पंचवीस-तीस वर्षे आपल्याकडे दुसरे केले काय?

१९९० नंतरच्या दशकात मुंबईसाठी पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना निघाली. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू आला, २०१३ साली पूर्व मुक्त मार्ग. २०१४ साली शीव-पनवेल रस्ता दहा पदरी झाला. २०२४ साली किनारी रस्त्याचा पहिला टप्पा आणि जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू सुरू झाला. वाशीच्या खाडीवर तर एका पुलाला दुसऱ्याची आणि दुसऱ्याला तिसऱ्याची जोड मिळाली. प्रत्येक वेळी, आता अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी इतक्या मिनिटांत, अशी ग्वाही मिळाली आणि पहिले काही दिवस ती खरीही ठरली. मग कोंडी गेली कुठे? ती थोडी पुढे सरकून बसली. मुक्त मार्गावरून वाऱ्यासारखा आलेला गृहस्थ खाली उतरताच पी. डिमेलो रस्त्यावरच्या रांगेत उभा राहतो. बाटलीचे पोट फुगवले, मान होती तेवढीच राहिली.

मानेचे दुखणे निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारे दुखणे अधिक अवघड आहे. अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली ते मांडले. त्याचे म्हणणे असे की, शहरातला द्रुतगती मार्ग कितीही वाढवा, गर्दीच्या वेळी रहदारी वाढून तो भरूनच जातो. आपल्या गृहिणींना हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. घरात नवा माळा काढला की वाटते, आता सामान सुखाने मावेल. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईला पाहावे तर तोही शिगोशीग भरलेला! जागा नसती तर भंगारात गेले असते, ते सारे वर चढून बसलेले असते.

रस्त्यावर कोण चढून बसते? घोडबंदर रस्त्यालगतच्या कोणत्याही सोसायटीत ही माणसे भेटतील. कोंडी चुकवण्यासाठी सकाळी साडेसहाला घर सोडणारे काका, रस्ता मोकळा झाल्याचे ऐकून साडेआठला निघू लागतात. आतल्या जुन्या रस्त्याने जाणारा हमरस्त्यावर येतो. लोकलने जाणारा हप्त्याने मोटार घेतो. यांपैकी कोणीही वेडेपणा करीत नाही. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी चोख असतो. यांच्या मागोमाग बिल्डर येतो. ‘हमरस्त्यापासून पाच मिनिटे’ अशी जाहिरात झळकते, आणखी चार मनोरे उभे राहतात. त्यांतली कुटुंबे एरवी इतक्या दूर राहायला गेलीच नसती.

अमेरिकेत या विद्येची परिसीमा झाली आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात केटी फ्रीवे नावाचा रस्ता आहे. तो २००८ साली इतका रुंद केला की, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका होतात. आपल्याकडे एवढ्या रुंदीत अख्खी वाडी बसेल! तरीही २०११ ते २०१४ या तीन वर्षांत संध्याकाळच्या गर्दीतला तिथला प्रवास निम्म्याहून अधिक लांबला. पुढे रुंदी वाढवायला जमीन कमी पडली असे नव्हे. तिथे जमिनीला काय तोटा!

म्हणून रस्ते बांधूच नयेत, असे मी म्हणत नाही. भाजीचा ट्रक, रुग्णवाहिका, एस.टी. यांना रस्ता लागतोच आणि जास्त रस्त्यावरून जास्त माणसे जातात हेही खरे. पण ‘घरी लवकर पोहोचाल’ हे जे आश्वासन देतात, ते पुरे होत नाही.

आता थोडे गणित. हमरस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात. मोटारीत दोन माणसे धरली (हा उदारपणाच झाला) तर चार हजार. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार-पाच हजार माणसे कोंबलेली असतात आणि पाठोपाठ तीन-चार मिनिटांनी दुसरी लोकल येते. म्हणजे मार्गिकेला जे करायला तास लागतो, ते काम एक लोकल एका फेरीत उरकते.

रस्त्याच्या कोंडीची किल्लीही याच लोकलमध्ये आहे. चाकरमानी मनुष्य दोन त्रासांतला कमी त्रास निवडतो. मोटारीत अडकून बसणे हे लोकलच्या दारात लोंबकळण्याइतकेच नकोसे होईपर्यंत रस्ता भरत राहतो. रस्त्याचा वेग ठरतो तो शेजारच्या रुळांवर. लोकल जितकी असह्य, तितका हमरस्ता तुंबणार. आणि लोकल किती असह्य आहे, हे ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दिसले. खच्चून भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसे पडली आणि काही पुन्हा घरी आलीच नाहीत. त्याच भागातली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका अवघी नऊ-दहा किलोमीटरची. २००८ साली मंजूर झालेली ही मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. मधल्या चौदा वर्षांत किती पुलांच्या फिती कापल्या गेल्या, ते वर आलेच आहे.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमने उलटा क्रम लावला. २००५ साली आधी जवळजवळ दोनशे नव्या बसगाड्या रस्त्यावर आणल्या आणि २००६ च्या जानेवारीत शहरात शिरणाऱ्या मोटारींवर कर बसवला. लोक चिडले होते, पण रहदारी सुमारे एक पंचमांशाने घटली आणि त्याच सप्टेंबरमध्ये शहरातल्या मतदारांनी थोड्या बहुमताने कर ठेवावा असा कौल दिला. आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवरचा हलक्या वाहनांचा टोल माफ केला. नाक्यावरची रांग गेली, सर्वांना बरे वाटले, मलाही वाटले. बसगाड्या मात्र त्या निमित्ताने वाढल्या नाहीत.

आमच्या शेजारच्या गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी लोकलचा पास सोडून मोटार घेतली. परवा जिन्यात त्यांना विचारले, “काय हो, रस्ता आणखी दोन पदरांनी वाढवला तर किती मिनिटे वाचतील?”

“पदर कसले घेऊन बसलात!” ते म्हणाले. “दोन्ही पाय टेकून उभा राहता येईल अशी एक लोकल द्या, उद्यापासून गाडी खाली झाकून ठेवतो. हप्ते अजून चार वर्षांचे बाकी आहेत, तरी ठेवतो.”