चिनी मातीच्या जुन्या मूर्ती व त्यांच्या तळावरील खुणा

चिंचवड, तळेगाव, चाकण या बाजूच्या जुन्या घरांतून चैत्रगौरीची आरास मांडताना चिनी मातीच्या लहान मूर्ती काचेच्या कपाटातून बाहेर काढल्या जात. कृष्ण, सरस्वती, लक्ष्मी या देवतांच्या अशा मूर्ती विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत घडून हिंदुस्थानात येत असत. त्यांतील कित्येकींची ठेवण राजा रविवर्मा यांच्या चित्रांवरून घेतलेली आहे. ज्या शिळाछापखान्यातून ही चित्रे घरोघर पोहोचली, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच लोहमार्गावरील मळवली येथे होता आणि पुढे तो फ्रित्स श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला.

आज याच धर्तीच्या नव्या मूर्ती 'जुन्या' म्हणून विकल्या जातात. उलटपक्षी वाडा पाडताना खऱ्या मूर्ती किरकोळ सामानाबरोबर भंगारात जातात. चिखली-कुदळवाडी येथील भंगाराची दुकाने महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. परंतु पुण्याच्या जुन्या बाजारात हा व्यवहार आजही चालतो. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाचा एकमेव साक्षीदार म्हणजे मूर्तीच्या तळावरील खूण होय. ही खूण हा एक छोटासा लेखच असून तो लेखाप्रमाणेच वाचावा लागतो. मोडी कागदाची परीक्षा करताना जसे मायना, शिक्का व अक्षराचे वळण पाहतात, तसाच हा प्रकार आहे.

प्रथम शब्द पाहावेत. मालावर उत्पादक देशाचे नाव घालण्याची प्रथा कायद्यामुळे रूढ झाली. इंग्लंडात १८८७ चा व हिंदुस्थानात १८८९ चा व्यापारी खुणांचा कायदा झाला. अमेरिकेत १८९० च्या जकात कायद्यान्वये १८९१ पासून आयात मालावर देशनाम आवश्यक ठरले. म्हणून इंग्रजीत 'मेड इन जर्मनी' अशी अक्षरे असलेली मूर्ती अठराव्या शतकातील असणे संभवत नाही. 'निप्पॉन' हा शब्द जपानी मालावर सामान्यतः १९२१ पर्यंत आढळतो. त्यानंतर 'जपान' येतो. 'ऑक्युपाइड जपान' ही अक्षरे दुसऱ्या महायुद्धानंतरची असून १९५२ मध्ये तो अंमल संपला. 'जर्मन डेमोक्रॅटिक रिपब्लिक' हे नाव १९४९ ते १९९० याच काळातले. राज्ये मोडतात, पण त्यांची नावे भांड्यांच्या तळाशी राहतात.

लिपीही साक्ष देते. देवनागरीतील 'मुंबई' या शब्दावरून काळ ठरत नाही, कारण मराठीत तो पूर्वापार आहे. तोच शब्द रोमन लिपीत 'बॉम्बे'च्या जागी छापलेला असल्यास ती वस्तू बहुधा १९९५ च्या नामांतरानंतरची समजावी. खुणेत सहा अंकी पिनकोड असेल, तर ती १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीची असूच शकत नाही.

मात्र शब्द बिनचूक असले तरी खूण खोटी असू शकते. माइसेन येथील कारखाना १७१० मध्ये निघाला. त्याची दोन तलवारींची निळी खूण इतकी प्रसिद्ध आहे, की तिची नक्कल दोन शतकांहून अधिक काळ होत आली. पॅरिसच्या सॅम्सन घराण्याने १८४५ पासून जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती हाच धंदा केला. यास्तव खूण कोणती आहे यापेक्षा ती कशी उमटली आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. झिलईखालील खूण बोटास लागत नाही व सुईने खरवडली जात नाही. झिलईवर मागाहून छापलेली खूण किंचित उंच लागते. ओल्या मातीत दाबलेल्या अक्षरांच्या कडा झिलईने मऊ होतात. भाजल्यावर कोरलेल्यांच्या धारदार राहतात. तळाशी झिलई घासून काढलेला निस्तेज ठिपका दिसल्यास तेथील नवी खूण पुसली गेल्याचा संशय घ्यावा. खऱ्या झिजेचे ओरखडे नाना दिशांनी जातात, पॉलिशकागदाचे बहुधा समांतर.

आणखी एक कसोटी मापाची. माती वाळताना व भाजताना आकसते. त्यामुळे जुन्या मूर्तीवरूनच साचा काढून केलेली नक्कल मूळ मूर्तीहून लहान भरते व तिच्यावरील खूणही पुसट उतरते.

खूण नसणे हा मात्र खोटेपणाचा पुरावा नव्हे. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शिरोहीन स्त्रीमूर्ती मिळाली. ती कच्च्या मातीची असून तिच्यावर कोणतेही अक्षर नाही. तिचा काळ ठरतो तो ज्या थरात ती सापडली त्यावरून. म्हणूनच खणताना सापडलेली मूर्ती परस्पर उचलून बाजारात नेली, की तिची खूणच पुसली जाते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. निदान शंभर वर्षे अस्तित्वात असलेल्या पुरावस्तूंच्या व्यापारास त्यान्वये परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. अर्थात जो विक्रेता वस्तू शतकापूर्वीची म्हणून सांगतो, त्याच्याकडे प्रथम परवाना मागावा. खरेपणाची एकच निर्णायक खूण नसते. शब्द, लिपी, झिलई, झीज व माप या पाचांची साक्ष जुळली तरच निर्णय द्यावा, आणि एकीनेही विरोध केल्यास तो राखून ठेवावा.