प्रयोगशाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर

१९८४ साली मी पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होतो. दिवसाचा बराच वेळ एनएमआर यंत्राच्या खोलीत जाई. रेणूतले अणू एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे सांगणारे ते यंत्र. त्याच्या दर्शनी भागावर ‘व्हेरियन’ असे नाव होते. ते मी रोज वाचत असे. ते नाव कोणाचे, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

प्रबंधासाठी मी एक उत्प्रेरक तयार केला होता. काचेच्या चंबूत तो दहा ग्रॅम होई आणि काम चोख करी. भोसरीच्या एका लहान कारखानदाराच्या कानावर ते गेले. त्यांनी विचारले, “साहेब, दहा किलो करून दाखवाल?” दहा किलोसाठी लागणारा रिअ‍ॅक्टर आमच्या संस्थेत नव्हता. त्यांच्याकडे रिअ‍ॅक्टर होता. पण नमुने तपासायची यंत्रे नव्हती. बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत बसू देण्याचा नियम नव्हता आणि मला कारखान्यात जाऊन राहण्याची परवानगी नव्हती. चार महिने पत्रव्यवहार झाला आणि विषय संपला. रेक्झिनच्या बांधणीतला तो प्रबंध आजही माझ्या कपाटात आहे.

निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा ‘व्हेरियन’चा शोध घेतला. जे हाती लागले त्यातून माझे दहा किलो कुठे अडले, तेही कळले.

रसेल आणि सिगर्ड व्हेरियन हे दोघे भाऊ. १९३७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांच्याशी एक साधा करार केला. पगार नाही; प्रयोगशाळा वापरा, सामानासाठी शंभर डॉलर घ्या आणि पेटंटमधून काही मिळालेच तर निम्मे विद्यापीठाला द्या. त्याच वर्षी त्यांनी क्लायस्ट्रॉन बनवला. सूक्ष्मलहरी निर्माण करणारी ही नळी पुढे रडारच्या कामी आली. १९४८ साली भावांनी मित्रांसह कंपनी काढली. त्याच विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख यांनी अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाचा शोध लावला होता, म्हणजेच एनएमआरचा. त्याचे पेटंट घ्या, असा आग्रह रसेल यांनी धरला आणि पुढे तो शोध यंत्रात उतरवला त्यांच्याच कंपनीने. ब्लॉख यांना १९५२ साली नोबेल मिळाले. माझ्या खोलीतले यंत्र त्याच घराण्यातले.

आता जागेचा भाग. स्टॅनफर्डकडे हजारो एकर जमीन होती. पण देणगीच्या अटीनुसार ती विकता येत नव्हती. भाडेपट्ट्याने देता येत होती. अभियांत्रिकीचे अधिष्ठाता फ्रेडरिक टर्मन यांनी या अडचणीचा उपयोग करून घेतला. १९५१ साली विद्यापीठाच्या कडेची जमीन संशोधनावर चालणाऱ्या कंपन्यांसाठी राखून ठेवण्यात आली. पहिला पट्टा झाला तो व्हेरियन कंपनीशी. जमीन विकली असती तर पैसा एकदाच आला असता. पट्ट्यामुळे भाडे येत राहिले आणि शेजारी कोण असावा हे ठरवण्याचा हक्कही विद्यापीठाकडे राहिला. १९५४ पासून कंपन्यांतल्या अभियंत्यांना नोकरी सांभाळून स्टॅनफर्डमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेता येऊ लागले. माणसे दोन्ही बाजूंनी ये-जा करू लागली.

सायन्स पार्क म्हणजे मुळात ही ये-जा. नव्या कंपनीला तीन गोष्टी एकटीला परवडत नाहीत: महागडी यंत्रे, अडल्यावर विचारायला जाणकार माणूस आणि चुका करायला लागणारा वेळ. विद्यापीठाजवळ यंत्रे तासाच्या भाड्याने मिळतात, प्राध्यापक सल्ला देतात, विद्यार्थी हाताशी येतात. जागा लहान घेता येते, हळूहळू वाढवता येते. पेटंट कोणाचे, परवाना कोणत्या अटींवर, प्राध्यापकाला कंपनीत भागीदारी चालेल का, हे आधी लिहून ठेवलेले असते. आमची चार महिन्यांची पत्रे याच प्रश्नांभोवती फिरत होती.

वेळेचे महत्त्व केंब्रिजमध्ये दिसते. तिथल्या ट्रिनिटी कॉलेजने १९७० साली सायन्स पार्क सुरू केले. पहिली कंपनी राहायला आली १९७३ साली, ती लेझर-स्कॅन. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मूलकणांच्या छायाचित्रांतल्या रेषा मोजण्यासाठी एक लेझर यंत्र तयार झाले होते, त्यातून ही कंपनी निघाली आणि पुढे संगणकीय नकाशांच्या धंद्यात शिरली. कणांच्या रेषा मोजणारे यंत्र नकाशातल्या रेषाही मोजू शकेल, हे पहिल्या दिवशी कोणी लिहून देऊ शकले नसते. कॉलेजला घाई नव्हती, म्हणून ते जमले.

अर्थात नुसती पाटी लावून हे होत नाही. १९९२ साली मॅसी, क्विंटास आणि वील्ड या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या अशा पार्कांवर पुस्तक लिहून, त्यामागची मूळ कल्पनाच तपासायला घेतली. शेजारी राहिले म्हणजे देवाणघेवाण होतेच असे नाही, हा आक्षेप खरा आहे. आपल्या सोसायटीत वर्षानुवर्षे शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, तसेच हे.

या आक्षेपाला मला सर्वांत चांगले उत्तर सापडले ते चेन्नईत. प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले आयआयटी मद्रासचे रिसर्च पार्क २०१० साली सुरू झाले. तिथे कंपनीने नुसते भाडे भरून चालत नाही, गुणही मिळवावे लागतात. प्राध्यापकांबरोबर संशोधन केले, विद्यार्थ्यांना काम दिले, की गुण जमा होतात. म्हणजे शेजारधर्म करारातच लिहिलेला आहे. आयआयटी मद्रासमधल्या संशोधनाच्या आधारावर उभी राहिलेली ‘अग्निकुल’ ही कंपनी २०१७ साली स्थापन झाली. ३० मे २०२४ रोजी तिने श्रीहरिकोट्याहून त्रिमितीय छपाईने बनवलेल्या इंजिनाचे अग्निबाण उडवले. सात वर्षे लागली.

आणि पुण्यात? पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ चालते. नवउद्योजकांना तिथे प्रयोगशाळेची जागा, सामाईक यंत्रे आणि पेटंटविषयक सल्ला मिळतो. मला जे हवे होते, जवळपास तेच. फक्त तेवीस वर्षे उशिरा.

आज जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे काढण्याची भाषा ऐकू येते. कोनशिला बसली की मी तीन प्रश्न विचारतो. बाहेरच्या माणसाला यंत्र वापरता येईल का? प्राध्यापकाला कंपनीत काम करायला नियमाने मुभा आहे का? पहिली तीन वर्षे एकही भाडेकरू आला नाही तरी संस्था धीर धरेल का? उत्तरे ‘हो’ असतील तर पत्र्याची शेडही पुरते. नसतील तर काचेच्या इमारतीतही दहा ग्रॅम दहा ग्रॅमच राहतात.

परवा एक माजी विद्यार्थिनी घरी आली. तिच्या प्रबंधातून काही बनवता येईल असे तिला वाटते. मी कपाटातला माझा प्रबंध काढून तिला दाखवला, आणि मग आम्ही दोघे रिक्षाने पाषाणला गेलो.